टाचेवरचं काळं

आमच्या घरी सासूबाईंची एक काशाची वाटी होती. लग्न होऊन मी धारवाडला मळमड्डीत आले, त्याच उन्हाळ्यात त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि तळपाय कसे घासायचे ते शिकवलं. तळव्याला साजूक तूप लावायचं आणि वाटीच्या बुडानं गोल गोल घासत राहायचं. हळूहळू तूप काळं पडतं, मग तळवा काळा होतो. जितकं काळं येईल तितकी अंगातली उष्णता बाहेर पडली, असं त्या सांगायच्या. कासं तुपाशी घासलं की काळं येतंच, कोणाच्याही पायावर येतं, त्याचा उष्णतेशी काही संबंध नाही, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मात्र माझी पक्की खात्री होती, आणि त्याहून जास्त गर्व होता. शेजारणींना मी सांगायचे, माझ्या हाताला जेवढी उष्णता येते तेवढी कोणाच्या हाताला येत नाही. यजमानांचे पाय मी चैत्रापासून मृगापर्यंत दिवसाआड घासत असे. हे हायस्कुलात गणित शिकवायचे. दिवसभर फळ्यापुढं उभं राहून घरी आले की आरामखुर्चीत बसायचे, पेपर तोंडापुढं धरायचे आणि पाय माझ्या मांडीवर सोडायचे.

मी छप्पन्न सालची. त्याच वर्षी आमचा मुलूख मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेला, आणि माझे वडील म्हणायचे, पोरगी आली आणि राज्य गेलं. चेष्टेत म्हणायचे, पण माझ्या मनात लहानपणापासून बसलं की आपल्या पायगुणानं काहीतरी वाईट होतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो माझ्या पाठीशी पाळण्यातच लागला असावा. आणि माझी भीतीही धड नाही. दुसरी बायको घाबरली की रडते, ओरडते. मी घाबरले की कामाला लागते आणि जिभेला धार येते. त्यामुळं मी घाबरलेय हे कोणाच्या लक्षातच येत नाही, उलट लोक मला खमकी समजतात.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात एकदा घासून झाल्यावर मी जुन्या धोतराच्या फडक्यानं ह्यांचा डावा पाय पुसत होते. सगळं काळं निघालं, टाचेच्या आतल्या कडेला मुगाएवढा एक ठिपका तेवढा राहिला. टाचेला भेगा होत्या. मला वाटलं, भेगेत काळं बसलंय. थुंकी लावून पुसलं, मग साबणानं धुतलं. गेलं नाही. राहू दे, उद्या परवा निघेल, म्हणून मी उठले. परवा पुन्हा घासलं तर सगळा पाय काळा झाला आणि ठिपका त्यात दिसेनासा झाला. पुसल्यावर तो होता तिथंच होता. ही उष्णता जरा हट्टी दिसते, असं मी म्हटल्याचं मला आठवतं. हे पेपरमागून हसले.

पुढच्या उन्हाळ्यात तो तुरीच्या डाळीएवढा झाला होता. कडा सरळ नव्हत्या, एका बाजूला तपकिरी आणि एका बाजूला निळसर झाक होती. मी तो उजेडात धरून पाहिला. हे चांगलं नाही, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. माणसाला अशा गोष्टी कळतात, मागाहून तो कळलं नाही म्हणतो. आणि मी काय केलं? वाटीत आणखी तूप घेतलं आणि जोरजोरात घासलं, पाय काळाकुट्ट होईपर्यंत. काळ्यात काळं मिसळून गेलं की मला बरं वाटायचं. त्या वर्षी हेही अधूनमधून म्हणायचे, "डावा राहू दे आज, उजवाच घास." मला वाटायचं, दमले असतील.

मी कोणाला सांगितलं नाही. ह्यांनाही नाही. रोज सकाळी सासूबाईंच्या तसबिरीबरोबर ह्यांच्या पायालाही मी हात लावायची, तशी पद्धतच होती. पाया पडताना पायाची वरची बाजू दिसते. तळवा बघण्याचा अधिकार आणि संधी जगात एका माझ्याकडंच होती, आणि मी बघून न बघितल्यासारखं केलं.

तिसऱ्या वर्षी, फाल्गुनात, ह्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. मळमड्डीच्या नाक्यावर एक म्हातारा चपला शिवत बसायचा, त्याच्याकडं मी ती घेऊन गेले. त्यानं डावी चप्पल हातात घेतली, आतून बोट फिरवलं आणि वास घेतला.

"अक्का, ही चप्पल घालणारा लंगडतो काय?" तो म्हणाला.

"नाही हो."

"मग पाय दाखवा की डॉक्टरला. टाचेपाशी बघा. हे रक्त ऐत्री." ऐत्री म्हणजे आहे. तसं तो दोनदा म्हणाला, मला ऐकू गेलं नाही असं समजून.

चामड्यावर खरंच एक तांबूस काळा डाग होता, वाळलेला आणि त्यावर पुन्हा ओला झालेला. घरी येऊन मी ह्यांना पाय दाखवायला लावला, अगदी पहिल्यांदाच बघत असल्यासारखा चेहरा करून. ठिपका आता चिंचोक्याएवढा होता आणि मधोमध त्याची कातडी फुटून ओल येत होती. "अगंबाई, हे काय!" मी म्हटलं. नाटकातल्या बाईला जमलं नसतं इतकं छान म्हटलं. ह्यांनी पाय खाली घेतला आणि म्हणाले, "काही नाही, चप्पल चावली असेल."

तरी दोन महिने गेलेच. परीक्षा आल्या, पेपर तपासायचे आले. शेवटी ह्यांचे थोरले भाऊ मध्ये पडले. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. जुन्या हुबळीत त्यांचं कापडाचं दुकान होतं, वडिलांमागं त्यांनीच ह्यांना शिकवलं होतं, त्यामुळं घरात शब्द त्यांचाच. तेच आम्हाला हुबळीच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. तिथल्या सर्जन एक बाई होत्या, चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी टाच दिव्याखाली धरून बराच वेळ पाहिली, मग जांघेत चाचपलं, मग हात धुतले.

"कधीपासून आहे?"

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. अण्णांनीही पाहिलं. औषधपाण्याचा हिशेब घरच्या बाईलाच ठाऊक, अशी आमच्याकडची समजूत. माझ्या डोळ्यांसमोर मूग, तुरीची डाळ, चिंचोका असं सगळं उभं राहिलं.

"दोन महिने," मी म्हणाले.

ते खोटं नव्हतं, असं मी स्वतःला बजावलं. रक्त दिसून दोन महिनेच झाले होते की.

बाईंनी सांगितलं, हा मेलानोमा असू शकतो, म्हणजे कातडीच्या रंगाचा कॅन्सर, तेव्हा डाग काढून तपासायला पाठवायचा, याच आठवड्यात. बाहेर बाकावर आल्यावर अण्णा म्हणाले, "सुरी लावायची नाही. सुरी लागली की तो चिडतो, सगळ्या अंगभर पळतो. आपल्या काकांचं काय झालं? कापेपर्यंत चालता बोलता माणूस, कापला आणि तीन महिन्यांत गेला." कलघटगीच्या बाजूला एक वैद्य होते, लेप द्यायचे. एक मंडल औषध घ्यायचं असं ठरलं. मंडल म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस. "दोन महिन्यांचा तर डाग, आणखी दीड महिन्यानं काय बिघडतंय?" अण्णा म्हणाले. हे लगेच हो म्हणाले. इतक्या पटकन हो म्हणाले की मला आश्चर्य वाटलं.

तो सगळा हिशेब माझ्या दोन महिन्यांवर उभा होता. डाग कोवळा आहे, म्हणून थांबता येतं. तो कोवळा नाही हे मला एकटीला ठाऊक.

लेप हिरवा होता आणि त्याला घाण वास यायचा. रोज सकाळी मीच तो लावायची आणि वरून पान बांधायची. पहिला दिवस, दुसरा दिवस. कॅलेंडरवर मी पेन्सिलीनं बारीक रेघ ओढायची. हे शाळेत गेले की मला वाटायचं, आज संध्याकाळी सांगून टाकू. संध्याकाळी हे यायचे, पाय वर घेऊन बसायचे, आणि माझ्या तोंडाला कुलूप. सांगितलं तर पहिला प्रश्न काय येणार? दोन वर्षं तू काय करत होतीस? घासत होते. चोराच्या मनात चांदणं, तशी गत. कोणी नुसतं पायाकडं बघितलं तरी मला वाटायचं, ह्याला कळलं. एकदा भाजीवाली म्हणाली, "अक्का, वाळलात की हो," आणि मी तिच्यावर एवढी खेकसले की ती कोथिंबीर द्यायचीच विसरली.

नवव्या दिवशी लेप काढताना पान चिकटलं आणि रक्ताचा मोठा थेंब जमिनीवर पडला. मी तो पायानं पुसला. मग स्वतःच्या पायाला लागलेलं ते रक्त बघून मला इतकी भीती वाटली की मी न्हाणीत जाऊन ओकले.

अकराव्या दिवशी माहेरी जाऊन येते असं खोटंच सांगून मी हुबळीची बस धरली आणि एकटीच इस्पितळात गेले. बाई मला ओळखतील असं वाटलं नव्हतं, पण त्यांनी बघताक्षणी विचारलं, "आणलं नाहीत त्यांना?"

मी म्हटलं, "आधी मला सांगा, ह्यात माणूस जगतो कशानं आणि जातो कशानं?"

त्यांनी मला बसायला सांगितलं. असा प्रश्न त्यांना फारसा कोणी विचारत नसावं, कारण त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "गोऱ्या लोकांना हा उन्हानं होतो. आपल्याकडं तळपायाला, तळहाताला, नखाखाली होतो. जिथं कोणी बघत नाही तिथं. म्हणून उशीर होतो. आमच्याकडं येणारी बरीच माणसं त्या उशिरानं जातात." डाग रुंद किती आहे यापेक्षा खोल किती गेलाय हे बघायचं असतं, असं त्यांनी सांगितलं. "कापडाच्या घडीवर शाई पडली तर वर किती पसरली ते नाही बघायचं, किती घड्यांतून खाली उतरली ते बघायचं. पहिल्या घडीत असेल तर काढून टाकली की झालं. खाली उतरली की अवघड." मग कातडी फुटली आहे की नाही, जांघेत गाठ आली आहे की नाही, हे पाहायचं. जांघेत गाठ आली तर शाई कपाटात पोचली असं समजायचं. वय कमी असेल तर बरं. बायका ह्यात पुरुषांपेक्षा जरा जास्त तगतात, का ते नक्की ठाऊक नाही.

"आणि सुरी लावल्यानं पसरतो?"

"सुरी लावेपर्यंत जो वेळ जातो ना, त्यानं पसरतो. नाव मात्र सुरीचं होतं." मग त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. "बाई, दोन महिन्यांत असा डाग होत नाही. मला ते त्याच दिवशी कळलं होतं. पण तुमच्या घरच्यांना मी सांगून पटणार नाही. कधीपासून आहे?"

"दोन वर्षं झाली. मी बघत होते."

त्या रागावतील म्हणून मी मान खाली घातली. त्या एवढंच म्हणाल्या, "मग आणखी एक दिवसही घालवू नका."

दारात उभी असलेली नर्स माझ्याकडं बघून म्हणाली, "अंजब्याड्री." घाबरू नका. मला तिचा राग आला. घाबरायचं नाही तर काय करायचं?

इस्पितळातून मी तशीच जुन्या हुबळीत दुकानात गेले. घरची सून दुपारच्या वेळी एकटी दुकानात जाणं हे आमच्याकडं व्हायचं नाही. अण्णा पांढऱ्या गादीवर बसून एका गिऱ्हाइकाला पॉपलीन कापून देत होते. मला बघून त्यांची कात्री थांबली. गिऱ्हाईक गेल्यावर मी पायरीवरूनच विचारलं, कारण आत गेले असते तर माझं बोलणं आतच राहिलं असतं.

"अण्णा, कापडाच्या थानावर शाई सांडली तर तुम्ही काय करता?"

"आता हे कुठलं काढलीस? काय झालंय?"

"सांगा की."

"वरच्या घड्या कापून टाकतो. लगेच. नाहीतर खाली उतरते, सगळं थान जातं."

"एक मंडल थांबत नाही?"

ते समजले. त्यांचा चेहरा लाल झाला. "तो डाग दोन महिन्यांचा आहे. तूच सांगितलीस की."

"मी खोटं सांगितलं. दोन वर्षांचा आहे. वाटीनं पाय घासताना मी बघत होते. आधी काळं बसलंय वाटलं. मग तसं नाही हे कळलं, तरी बोलले नाही. भीती वाटली."

पायरीवर ऊन होतं आणि माझे पाय भाजत होते, एवढं मला आठवतं. अण्णांनी कात्री गादीवर ठेवली. मग म्हणाले, "दोन वर्षं बघत होतीस? बघत होतीस आणि वर घासत होतीस?"

"होय."

त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "उद्या सकाळी त्याला घेऊन इस्पितळात ये. मी येतो." मी वळले तेव्हा म्हणाले, "आणि पुन्हा माझ्यासमोर उभी राहू नकोस."

संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं, दुकानातलंसुद्धा. ह्यांनी ऐकून घेतलं. पायावरचं पान स्वतःच सोडलं, घडी करून बाजूला ठेवलं, आणि म्हणाले, "बरं. जाऊ या उद्या." दुसरं एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, माझ्यावर इतके दुखावलेत की शब्द फुटत नाही.

डाग काढला आणि तपासायला पाठवला. निकाल यायला पंधरा दिवस लागले, त्या पंधरा दिवसांत मी घरातली सगळी भांडी चिंच लावून दोनदा घासली, ती वाटी सोडून. तिला हात लावायची माझी हिंमत नव्हती. निकाल आला, मेलानोमाच होता. खोली दीड मिलिमीटरच्या थोडी वर. बाई म्हणाल्या, अगदी वरवरचा नाही आणि फार खोलही नाही. कातडी फुटली होती ते वाईट, जांघ अजून मोकळी आहे ते चांगलं, वय चव्वेचाळीस तेही चांगलं. "मग जगतील का?" मी विचारलं. "मी ज्योतिषी नाही," त्या म्हणाल्या. "पाच वर्षं नीट गेली तर मला जरा बरं वाटेल. तुम्हाला तेव्हाही भीती वाटेल."

घरी येऊन मी ह्यांच्या टेबलावरची पट्टी घेतली आणि दीड मिलिमीटर म्हणजे केवढं ते पाहिलं. दोन बारीक रेघांच्या मध्ये काही नसतंच म्हणा ना, तांदळाची कणी मावणार नाही. एवढ्याशा जागेत माझा संसार येऊन बसला होता. मूग होता तेव्हा तो किती खोल असेल? तुरीची डाळ होता तेव्हा? मी पट्टीवर नख ठेवून मागं मागं मोजत बसले, आणि हे शाळेतून आले तरी मला कळलं नाही.

पुन्हा एकदा कापावं लागलं, टाचेची रुंद चकती काढून तिथं मांडीची कातडी लावली. ती कातडी धरली. दीड महिन्यानं हे काठी घेऊन चालायला लागले, आणि पुढं शाळेतही गेले.

पण घाबरण्याचं माझं काम तिथून खऱ्या अर्थानं सुरू झालं. दर तीन महिन्यांनी बाई जांघ चाचपायच्या. त्यांच्याकडून मी ते शिकून घेतलं आणि दर रविवारी आंघोळीनंतर घरीच चाचपायला लागले. लग्नाला बारा वर्षं झाली होती, तरी पहिल्यांदा मी लाजले आणि हे माझ्यापेक्षा जास्त लाजले. "अगं, दार तरी लाव," म्हणायचे. दुसऱ्या वर्षी एका रविवारी बोटांना वाटाण्याएवढी गाठ लागली. मी काही बोलले नाही. चेहरा तसाच ठेवून उठले, स्वयंपाकघरात गेले, आणि तिथं उभी असताना मला आठवलं की हेच मी पूर्वी केलं होतं. परत आले आणि म्हटलं, "गाठ आहे. कपडे घाला, निघायचं." रविवार असून आम्ही हुबळीला गेलो. बाईंनी घरून येऊन पाहिलं. पायाच्या बोटात काटा मोडून पू झाला होता, त्याची गाठ असावी, तीन आठवडे बघू, असं त्यांनी सांगितलं. ते तीन आठवडे मी कसे काढले ते मला सांगता येणार नाही, कारण मला त्यातलं काही आठवत नाही. गाठ विरली तेव्हा जीव भांड्यात पडला, पण पुढच्या रविवारी पुन्हा वर आला.

अण्णांनी माझ्याशी बोलणं टाकलं ते शेवटपर्यंत. त्यांच्या बायकोनं नात्यात सगळीकडं सांगितलं, नवऱ्याच्या पायाला कॅन्सर होत होता आणि ही बसून तूप चोळत होती. त्यात खोटं काहीच नव्हतं, त्यामुळं मला भांडताही येईना. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्या मुलाला तेल लावायला सवाष्णींना बोलावतात. मला बोलावणं बंद झालं. एका लग्नात मी आपणहून पुढं गेले तर कोणीतरी तेलाची वाटी हळूच दुसऱ्या बाजूला सरकवली. मी हसून म्हटलं, "सरकवा, सरकवा, माझ्या हाताला फार उष्णता येते." घरी येऊन रडले. हे तेव्हा शेजारीच बसले होते. पाठीवरून हात फिरवला, बोलले काहीच नाहीत.

पाच वर्षं नीट गेली. मग दहा गेली. बाई निवृत्त झाल्या, ह्यांनी नोकरी पुरी केली, आमच्या रस्त्यावर सायकली जाऊन स्कूटर आल्या. काशाची वाटी मी एका कपाटात वर टाकून दिली होती. सत्त्याऐंशीपासूनची वर्षं मी मनात मोजत राहिले, कारण डाग सत्त्याऐंशीत आला, असं मी धरून चालले होते. रविवारी खिडकीपाशी उजेडात बसून ह्यांचे दोन्ही तळवे मी अजून बघते. आधी डावा, मग उजवा, मग बोटांच्या बेचक्या.

मागच्या चैत्रात असंच बसले होते. ह्यांना आता सत्तरीच्या पुढं बरीच वर्षं झालीत. डाव्या टाचेवर मांडीची कातडी अजून वेगळी, मऊ आणि फिकट दिसते. मी तिच्यावरून बोट फिरवत होते, तेव्हा हे एकदम म्हणाले, "तू दोन वर्षं म्हणालीस अण्णाला. तीन होती."

मला समजलं नाही. "काय तीन?"

"तो ठिपका. तुला दिसला त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात नखं काढताना मला दिसला होता. तीळ म्हणून सोडला. पुढं वाढायला लागला तेव्हा भीती वाटली. तू वाटीनं घासून सगळं काळं करायचीस, मला बरं वाटायचं. म्हणायचो, त्यातलंच असेल हे. निळसर दिसायला लागला तेव्हा तुला दिसू नये म्हणून डावा राहू दे म्हणायचो."

मी त्यांचा पाय मांडीवर धरून तशीच बसले. खिडकीतून ऊन येत होतं.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हणाले. "मी दुकानाच्या पायरीवर उभी राहिले तेव्हा ठाऊक होतं. ती तेलाची वाटी सरकवली तेव्हाही."

"होय."

"मग तीस वर्षं बोलला का नाहीत?"

"आधी भीती वाटली," हे म्हणाले. "मग लाज वाटली. मग वाटलं, आता काय सांगायचं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्या नाही आलं. मला इतका राग आला होता की त्यांचा पाय मांडीवरून ढकलून द्यावा असं वाटलं, आणि हात मात्र टाचेवर घट्ट होता. तीन वर्षं. म्हणजे त्या दीड मिलिमीटरमागं दोन नाही, तीन उन्हाळे होते. म्हणजे हा माणूस वाचण्यासारखा नव्हता तरी वाचला, मी समजत होते त्याहून बारीक धाग्यावर लटकून वाचला, आणि मला ते आता कळत होतं. इतक्या वर्षांमागची भीती एकदम नव्यानं आली.

"डावा झाला," मी म्हटलं. "उजवा द्या."